खाऱ्या पाण्याचा विषय घेऊन अकोला-अमरावती

पीएच.डी. कुठून करावी हे ठरवायला मी आणि शोभा, माझी बायको, ऑक्टोबरात चार दिवस घराबाहेर होतो. अंतर म्हणाल तर काहीच नाही. बाळापूर तालुक्यातलं पूर्णेकाठचं आमचं गाव, तिथून अकोला, अकोल्याहून अमरावती आणि परत. नोकरीत असताना याच्या वीसपट अंतर ट्रकच्या मागच्या फळीवर बसून केलंय. पण या चार दिवसांनी जेवढं थकवलं तेवढं त्या ट्रकनं थकवलं नव्हतं. आमच्यासारखं कुणी अजून या वाटेला गेलं नसेल तर त्याला उपयोग होईल म्हणून लिहितो आहे.

मी तोफखान्यातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. तोफेनं डावा कान पूर्ण नेला आणि उजवा अर्धा. उजव्या कानात मशीन लावतो. समोरचा माणूस तोंडाकडे पाहू देत असेल तर ओठांवरून बरंच कळतं. सेवेत असतानाच मुक्त विद्यापीठातून इतिहासात बी.ए. आणि एम.ए. केलं, निवृत्तीनंतर पीएच.डी.ची प्रवेश परीक्षाही पास झालो. आता हवा होता गाइड, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक, ज्यांच्याकडे एक जागा रिकामी आहे आणि ज्यांना माझा विषय चालतो.

विषय पाण्याचा. आमचा सगळा भाग खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी असं की त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आमच्याकडच्या लोकांनी पिण्याचं पाणी शंभर-दीडशे वर्षांत कुठून आणि कसं आणलं, कुणी आणलं, याचा इतिहास मला लिहायचा होता. माझा थोरला भाऊ, दादा, किडनीच्या दुखण्यानं गेला. डॉक्टरांनी पाण्याचं नाव घेतलं होतं. तेव्हा मी बर्फात, खेचरांवर पाण्याचे कॅन लादून वरच्या चौकीवर पोहोचवत होतो. हे मी कुणाला सांगत नसे.

अकोला, सोमवार

पहिलं कॉलेज चांगलं नावाजलेलं. ऑफिस वरच्या मजल्यावर. खिडकीत बसलेल्या बाबूंनी माझी फाइल घेतली, एकदा माझ्याकडे पाहिलं, कानातलं मशीन पाहिलं आणि शोभाला विचारलं, "साहेबांले काय पायजे?"

"पीएच.डी. करायची हाय," शोभा म्हणाली.

"इतिहासात? बरं. साहेब मिलिटरीत होते काय?"

मी त्यांच्या समोर दोन फुटांवर उभा होतो. शोभा म्हणाली, "हो जी." बाबू उठून उभे राहिले, मला "जय हिंद" म्हणाले, पुन्हा बसले आणि पुढचं सगळं पुन्हा तिच्याशीच बोलले. माणूस वाईट नव्हता. अर्जात 'माजी सैनिक' असा एक चौकोन होता. त्यात खूण केल्यानं काय होतं, असं शोभानं विचारलं. त्यांनी बाजूच्या टेबलाला विचारलं, त्या टेबलानं आतल्या खोलीत. शेवटी उत्तर आलं की खूण करून ठेवा, नुकसान तर नाही.

फौजेतही कागदाला असेच पाय फुटतात, पण तिथं निदान प्रत्येक कागद शेवटी कुणा एका माणसापाशी जाऊन थांबतो आणि त्या माणसाच्या छातीवर त्याचं नाव असतं.

मग विभागप्रमुखांकडे गेलो. सर मोठे प्रेमळ. खुर्चीवरून उठून माझा हात दोन्ही हातांत घेतला, चहा मागवला, सोबत कचोरी. अडचण एकच, सरांच्या मिशा झुबकेदार होत्या आणि वरचा ओठ पूर्ण झाकलेला. मला अर्ध्या वाक्यांचा पत्ता लागेना. मी माझी जुनी सवय चालवली, म्हणजे समोरचा हसला की हसायचं आणि थांबला की मान हलवायची. बाकीचं शोभा माझ्याकडे वळून, शब्द सुटे करून सांगत होती.

"सर म्हन्तेत, पाण्याचा विषय बराय पन तुमच्यासारख्यानं तो काहून घ्यावा. महायुद्धात गेलेले वऱ्हाडी शिपाई, यावर करा. तुमाले शोभन."

"सरांना सांग, विचार करतो."

"सर म्हन्तेत जागा पक्की समजा. दर सव्वीस जानेवारीले पोरायसमोर तुमचं भाषन ठेवतील. पन शुक्रवारपावेतो कळवा."

सर खरोखर आनंदले होते. त्यांनी जाताना आमच्यासोबत फोटोही काढला. जिना उतरताना मला वाटलं, इथंच थांबावं. घरापासून दीड तासाची एसटी, जागा पक्की, माणूस चांगला. विषय काय, शिपायांचा तर शिपायांचा.

मुक्काम जुन्या शहरात शोभाच्या मावसबहिणीकडे होता. मोर्णा नदीचा पूल ओलांडून आम्ही चालतच गेलो. बाजारात सोयाबीनच्या पैशाची वर्दळ होती, भांड्यांच्या दुकानांपुढे बायकांची गर्दी. जुन्या शहरातल्या गल्ल्यांत मला चालायला आवडतं, कारण तिथं दोन भिंतींमध्ये आवाज जमून येतो आणि काहीतरी ऐकू येतंच. पण त्या दिवशी मशीनमध्ये नुसता खडखडाट होत होता. मी ते बंद केलं. थोड्या वेळानं पाहतो तर शोभा बरोबर नाही. मागे वळलो तर ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेली.

मी मशीन चालू केलं. "काय झालं?"

"कवाची हाका मारून राहिली मी," ती म्हणाली. रागात नव्हती. "थकली मी. लोकायचं आयका, तुमाले सांगा, तुमचं आयका, मंग लोकायले सांगा. दिवसभर दोघायचं बोलते मी. माह्यं एक वाक्य नाई त्यात."

मी तिच्या शेजारी बसलो. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत बँक, दवाखाना, सोयरीक, मयत, सगळीकडे तीच माझा कान होती. हे मला माहीत होतं. पण ती एवढी थकली असेल हे मी पाहिलं नव्हतं. आम्ही तिथंच पाणी प्यालो आणि मग हळूहळू घरी गेलो. मावसबहिणीनं भरीत आणि कळण्याची भाकर केली होती. अकोल्याच्या नळाच्या पाण्यात तुरीचं वरण कसं मऊ मिळून येतं हे आमच्या गावच्या माणसाला विचारा. शोभा दोन वाट्या प्याली आणि लवकर झोपली.

अकोला, मंगळवार

मंगळवारी एका छापील पत्रकामुळे फुकट हेलपाटा झाला. पत्रकावर तिरंगा आणि 'सैनिकांसाठी खास पीएच.डी.' असं ठळक अक्षरात. विद्यापीठ कुठल्या तरी दूरच्या राज्यातलं, त्यांचा माणूस अकोल्यात एका गाळ्यात बसतो. गाळा थंडगार. माणूस तरुण, दाढी गुळगुळीत, ओठ स्वच्छ वाचता येत होते. त्यामुळे त्या दिवशी मला शोभाची गरज पडली नाही.

"सर, तुम्हाला कुठं जायची गरजच नाही," तो म्हणाला. "हजेरी नाही, वर्ग नाही. तुम्ही देशाची सेवा केली, आता आम्ही तुमची करतो. प्रबंधाचं काम आमची टीम पाहते."

"पाहते म्हणजे?"

"म्हणजे लिहून देते, सर. तुम्ही फक्त विषय सांगायचा."

मी विषय सांगितला. त्यानं लिहून घेतला, 'पानीपट्टा'. मी कागद परत मागितला. त्याला वाटलं मला स्पेलिंग दुरुस्त करायचं आहे. मी तो घडी करून खिशात ठेवला आणि आम्ही बाहेर आलो. शोभा म्हणाली, "आपली सेवा करनारे लय झाले बाप्पा." चार दिवसांत ती तेवढंच एकदा हसली.

अमरावती, बुधवार

अमरावतीची गाडी मूर्तिजापूरवरून जाते. दोन्ही बाजूंना काळी जमीन, सोयाबीन निघून रिकामी झालेली वावरं आणि मधेच पहिल्या वेचणीला आलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. मळणीयंत्राची धूळ रस्त्यावर येऊन बसली होती. ऑक्टोबरचं ऊन आमच्याकडे उन्हाळ्यापेक्षा वाईट, कारण त्यात हवा हलत नाही. बस मूर्तिजापूरला थांबली आणि त्याच वेळी माझ्या मशीनचे सेल संपले. टिक-टिक-टिक असं तीन वेळा वाजलं आणि सगळं बंद. जास्तीचे सेल मी मावसबहिणीकडे टेबलावर काढून ठेवले होते. तिथंच राहिले.

अमरावतीला उतरलो तेव्हा शहर माझ्यासाठी मुकं होतं. ऑटोवाले तोंड उघडत होते, बंद करत होते. शोभानं मला विद्यापीठाच्या फाटकापर्यंत आणलं आणि बोटानं दाखवलं, तुम्ही आत, मी बाजारात. मग लिहून दाखवलं, 'सेल आणते. तुमी जा.' मी मान हलवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी कुठल्या कार्यालयात एकटा चाललो होतो आणि तेही पूर्ण बहिरा.

इतिहास विभागातल्या तायडे मॅडमना मी आधी पत्र लिहिलं होतं. वय चाळिशीचं असेल. लहानखुऱ्या, टेबलावर पुस्तकांचे ढीग, वर मोठा पंखा. त्यांनी खुर्ची दाखवली. मी बसलो. त्या बोलू लागल्या. ओठ फारसे हलवत नव्हत्या, शिवाय बोलताना माझ्या अर्जाकडे खाली पाहत होत्या. मी पाठ ताठ केली आणि नेहमीचं सुरू केलं.

"हो मॅडम," मी म्हणालो. त्या पुढं काही बोलल्या. "नक्की मॅडम." आणखी काही. "आपण म्हणाल तसं."

त्या थांबल्या. माझ्याकडे नीट पाहिलं. मग एक कोरा कागद ओढला, त्यावर लिहिलं आणि माझ्यापुढं सरकवला.

'मी विचारलं, सकाळी किती वाजता निघालात. तुम्ही म्हणालात, हो मॅडम. मी विचारलं, जेवलात का. तुम्ही म्हणालात, नक्की मॅडम. तिसऱ्यांदा मी विचारलं की तुम्हाला ऐकू येतंय का.'

मी म्हणालो, "सेल संपले. पण सेल असते तरी मी हेच केलं असतं."

त्यांनी उठून पंखा बंद केला आणि त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर, खिडकीकडे तोंड करून बसल्या, म्हणजे उजेड त्यांच्या चेहऱ्यावर येईल. त्यानंतरचा तास-सव्वा तास त्या लिहीत होत्या आणि मी बोलत होतो. मधे त्या हळू बोलूनही पाहत. घामानं दोघांचीही अवस्था वाईट झाली, पण पंखा त्यांनी लावला नाही.

गोड बोलणं काही नव्हतं. माझा आराखडा त्यांनी वाचला होता. त्यांनी लिहिलं, 'हा इतिहास नाही, ही तक्रार आहे. कागद कोणते पाहिलेत?'

"जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर. वर्तमानपत्रांची कात्रणं."

'आणि माणसं? किती म्हाताऱ्यांना विचारलंत?'

मी सांगितलं की एकालाही नाही. का नाही, ते त्यांना कळलं होतं. तरी त्या माझ्या तोंडून ऐकायला थांबल्या. मी म्हणालो, "म्हातारे पुटपुटतात. मला समजत नाही. परत विचारायची लाज वाटते."

त्यांनी लिहिलं, 'मग परत विचारायला शिकावं लागेल. वर्गात सर फळ्याकडे तोंड करून बोलतात. मी त्यांना सांगेन, पण तुम्हालाही दरवेळी सांगावं लागेल. ऐकू येत नाही हे अर्जात लिहा. माजी सैनिक हे लिहिलंय, हे का नाही लिहिलं?'

मग त्यांनी तोंडानंच विचारलं, हळू, शब्द सुटे करून. "हाच विषय का?"

मी दादाचं सांगितलं. बर्फातल्या कॅनचंही सांगितलं. मी तिथं दुसऱ्यांना पाणी पोहोचवत होतो आणि तो इथं मचूळ पाणी पिऊन संपला, एवढंच म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. टेबलावरची पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली आणि मी पिऊन होईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

शेवटी त्यांनी लिहिलं, 'माझ्याकडे जागा एकच. अर्ज चार. मुलाखत समिती घेते. मी शब्द देऊ शकत नाही.'

बाहेर आलो तर शोभा व्हरांड्यातल्या बाकावर, चपला काढून, भिंतीला डोकं टेकून झोपलेली. मांडीवर सेलची पुडी आणि कागदात बांधलेला गिला वडा. दही कागदातून बाहेर आलं होतं. मी तिला उठवलं नाही. शेजारी बसून निम्मा वडा खाल्ला. आंबटगोड, तिखट, थंडगार. अमरावतीचे लोक याचं एवढं कौतुक का करतात ते उपाशी पोटी कळतं.

बडनेरा, गुरुवार

रात्र एका साध्या लॉजवर काढून गुरुवारी सकाळी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. म्हणजे धरायची होती, ती दोन तास उशिरा होती. फलाटावर रेल्वेतली कामावर जाणारी माणसं डबे सांभाळत उभी. मी शोभाला तो लिहिलेला कागद दिला. तिनं सगळा वाचला, मागची बाजूही.

"अकोल्याची पक्की हाय," ती म्हणाली.

"हो."

"हितली चौघात एक."

"हो."

"तुमचं वय पाह्यता पुन्हा चानस भेटन का नाई, सांगता येत नाई." ती कागदाची घडी घालत होती. "मले इचारसान तर मले अकोलाच बरं. जवळ हाय. पन तिथं मले रोज यावं लागन तुमच्यासंग. आन मी आता येनार नाई. हे मी रागानं नाई सांगून राहिली."

मी नवीन सेल घातले आणि अकोल्याच्या सरांना स्वतः फोन लावला. एरवी फोन शोभाच लावते. पलीकडे आवाज आला, इकडे मालगाडी आली. मी म्हणालो, "सर, मला तुमचं काही ऐकू येत नाही. मला ऐकायला कमी येतं. सोमवारी तुम्ही बोललात त्यातलंही निम्मं कळलं नव्हतं, मी नुसती मान हलवत होतो. तुमचे उपकार आहेत, पण शिपायांचा विषय मला घ्यायचा नाही. ती जागा दुसऱ्याला द्या. हे मी लिहूनही पाठवतो."

पलीकडे ते काय म्हणाले मला आजही माहीत नाही. आनंद वगैरे काही नव्हता. एक पक्की गोष्ट हातानं सोडली होती आणि गाडी अजून आली नव्हती.

बाळापूर, महिन्याभरानं

मुलाखतीत माझा दुसरा नंबर लागला. जागा एक, ती यवतमाळकडच्या एका हुशार मुलीला मिळाली. समितीतल्या एका सरांना मी तीनदा प्रश्न परत विचारायला लावला, तिसऱ्यांदा ते वैतागले. तायडे मॅडमनी निरोप पाठवला की पुढच्या फेरीत त्यांच्याकडची आणखी एक जागा मोकळी होईल, तोवर आराखडा नव्यानं लिहा आणि सुरुवात स्वतःच्या गावापासून करा. काही दिवस मी काहीच केलं नाही. अकोल्याच्या त्या सरांचा फोटो शोभाच्या मोबाइलमध्ये होता, तो अधूनमधून पाहत असे.

मग एके दिवशी एकटाच बाळापूरला गेलो आणि भूमी अभिलेख कार्यालयात आमच्या गावच्या जुन्या नकाशाची नक्कल मागितली. तीन खेपांनी मिळाली. किल्ल्याच्या पायथ्याशी, नदीकडेला सावलीत बसून ती उघडली. नकाशा वाचायला मला कुणाचे कान लागत नाहीत, तोफखान्यात तेच माझं काम होतं. गावठाणाची पांढरी, पाणंद, नाला, सगळं जागेवर सापडत गेलं. नाल्याच्या वळणावर विहिरीची खूण होती. मी पुन्हा मोजलं. त्या ठिकाणी आता आमच्या शाळेचं मैदान आहे. तिथं विहीर मी जन्मात पाहिली नव्हती, ऐकलीही नव्हती.

गावातले सर्वांत म्हातारे तुळशीराम आबा. नव्वदीच्या पुढचे, दात नाहीत, बोलणं तोंडातल्या तोंडात. मी नकाशा घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसलो.

"होती," ते म्हणाले. "गोड होती. सऱ्या गावात एकच. नाल्याच्या पाझराची."

"मग काय झालं?"

ते काहीतरी बोलले. मला कळलं नाही. मी म्हणालो, "आबा, ऐकू नाही आलं. पुन्हा सांगा."

"बुजवली म्हनलं."

"काहून?"

"खालच्या आळीचे लोकं पानी भराले आले. म्हने आमचाबी हक्क हाय. कायदा झाला व्हता तवा. आपल्या लोकायनं म्हनलं, त्यायनं भरलं तं आमी पीत नाई. चार दिवस भांडन झालं. मंग रातोरात माती टाकली. कोनालेच नाई."

"कुणी टाकली?"

आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ते बोलले. मी त्यांच्या ओठांवर वाचलं. माझा विश्वास बसेना. वाटलं, माझीच चूक, म्हाताऱ्याच्या बोळक्या तोंडावरून शब्द चुकीचा उचलला. मी मशीन नीट केलं आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"पुन्हा सांगा आबा."

"तुह्या आजानं," ते म्हणाले. "पयली टोपली तुह्या आजानं टाकली."

मी पेन काढलं. आबांचं नाव, वय, गाव, तारीख लिहिली. मग त्यांनी सांगितलं तसं, त्यांच्याच शब्दांत उतरवलं. आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं, त्यांच्या वडिलांच्या नावासह. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे का. आबांनी मान हलवली. मी म्हणालो, मान नको आबा, तोंडानं सांगा. ते म्हणाले, बरोबर हाय.